नवीन लॉनचे कार्पेट कडेने पिवळे पडतेय

तळेगावला घरामागे २० बाय १५ फुटांत मेक्सिकन लॉनचे तयार कार्पेट (मातीसकट गवताचे तुकडे) टाकून आज नववा दिवस. सकाळ-संध्याकाळ पाइपने पाणी देतेय, तरी तुकड्यांच्या कडा वाळक्या आणि जोडांत बोटभर फटी. नर्सरीवाला म्हणतो, "होईल ताई." काय होईल ते सांगत नाही!

मातीचेहात: एक कोपरा हलकेच उचलून बघा. खालची माती कोरडी असेल, तर पाणी वरच्यावर जातंय. पाइप जमिनीशी धरून सावकाश सोडा, खालची माती दोन-तीन इंच भिजली पाहिजे. फटींत चाळलेली लाल माती आणि जुने शेणखत भरा, फळी ठेवून वर उभे राहा. युरियाला तूर्त हातही लावू नका.

अंगणवेडा: आमच्याकडे स्वस्तातल्या लाल मातीतून लव्हाळा आला. वरून उपटला, पुन्हा हजर. खुरप्याने गाठीसकट काढावा लागतो.

मूळ प्रश्नकर्ती: उचलून पाहिला. वर चिखल, खाली अक्षरशः भुकटी! पांढरी मुळं अर्धा इंच आलीत मात्र. कापणी कधी?

मातीचेहात: मुळं आलीत ना, मग जगलं. ओढला की तुकडा उचलला जातोय तोवर कापू नका, दोन-तीन आठवडे तरी. पहिल्यांदा वरचा एक तृतीयांशच, तोही धारदार पात्याने. आणि तोवर मुलांचं क्रिकेट गच्चीवर.

मूळ प्रश्नकर्ती: मुलांचं सोपंय हो, सासऱ्यांची शतपावली कशी थांबवू?