मदत हवी आहे: गोदाथडीचं बीळ पाणमांजराचंच का?

गंगाखेडजवळ गोदावरीच्या थडीला करंजाच्या मुळांखाली बीळ आहे. तोंड दीड वीत, खाली चिखलात ठसे, शेजारच्या खडकावर खवल्यांची विष्ठा. मासेमार मंडळी म्हणतात, पाणमांजर जाळ्यातले मासे पळवतंय, बीळ बुजवा. खात्री कशी करायची? बुजवू न देता काय करता येईल?

उत्तर १
विष्ठा काडीने फोडून बघा. पाणमांजराची असेल तर लगेच भुगा होतो. आत नुसती खवलं, काटे, मधूनच खेकड्याचं कवच, वास मासळीचा. ताजी आणि वाळलेली एकाच खडकावर साचली असेल तर फार शंका नको. अख्खा कळप तीच जागा वापरतो. मुंगसाच्या विष्ठेत केस आणि किड्यांचे तुकडे जास्त. ठशात पाच बोटं दोघांचीही, पण पाणमांजराचा ठसा बराच मोठा, आणि ओल्या गाळात बोटांमधला पडदा उमटतो. कोरड्या वाळूत तो दिसत नाही, तिथे फसायला होतं. बिळाशी साळूचे (साळिंदराचे) काटे किंवा कुरतडलेली हाडं पडलेली असतील तर गोष्ट वेगळी, बीळ साळूचं असू शकतं.

उत्तर २
मोठं पाणमांजर ७ ते ११ किलोचं, रोज किलोभर खातं. मुख्य खाणं मासे. जोडीला खेकडे, झिंगे, बेडूक, क्वचित पक्षी. जाळ्यात अडकलेला मासा त्याला आयता मिळतो. म्हणून जाळं बीळ आणि विष्ठेच्या खडकापासून लांब टाकायला सांगा, रात्रभर पाण्यात ठेवू नका. त्यात पाणमांजरही अडकून बुडतं. आणि कुरतडलेला प्रत्येक मासा त्याच्याच नावावर टाकू नका, कासवंही जाळ्यातले मासे खातात.

प्रश्नकर्ता
बिळातून बारीक चिरचिर ऐकू येते. तोंडाशी हालचालीने आपोआप चालू होणारा कॅमेरा लावू का?

उत्तर १
दादा, तोंडाशी अजिबात नको. पिल्लं असावीत. वेत २ ते ५ पिल्लांचं, डोळे साधारण १० दिवसांनी उघडतात, पोहायला दोनेक महिने लागतात. तोवर बीळ बुजवलं तर सगळी आत मरतील. पाणमांजर वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे सर्वात कडक संरक्षणाच्या यादीत आहे, हे मासेमारांनाही नीट समजावून सांगा. आधी वनविभागाला १९२६ या हेल्पलाइन क्रमांकावर कळवा. त्यांनी परवानगी दिली तर कॅमेरा विष्ठेच्या खडकाकडे, गुडघ्याच्या उंचीवर लावा. पाण्याकडे तोंड केलं तर लाटा आणि चकाकीने रिकाम्या क्लिपा भरतात. थडीवरून वाळूचे ट्रॅक्टर जाऊ देऊ नका, वरून माती ढासळते. पाणकणीस (काठावरचं उंच पाणगवत) जाळू नका, कुत्री बांधून ठेवा. त्रास झाला की मादी पिल्लं तोंडात धरून दुसरीकडे नेते. तशी दिसली तर मागे जाऊ नका.