काउंटरमागे बसणारा माझा मुलगा

प्रश्न:
मी सहा वर्षं एका दवाखान्यात रिसेप्शनला आहे. शाळा सुटली की माझा नऊ वर्षांचा मुलगा तासभर काउंटरच्या आत बसून गृहपाठ करतो. डॉक्टरांची परवानगी आहे. परवा जेवताना तो म्हणाला, "आई, माझ्या वर्गातल्या एकाची आई आज तुमच्याकडे रडत होती." मी तिला फक्त पुढची तारीख दिली होती. त्याने फाइल पाहिली नाही, आजारही त्याला कळला नाही. पण ती आली होती, रडली होती, हे तर कळलंच ना? उद्या त्याने वर्गात विचारलं तर? तेव्हापासून मला चैन नाही. त्याला दुसरीकडे ठेवायची सोयही नाही.

उत्तर १:
ताई, कोण दवाखान्यात आलं हीसुद्धा पेशंटची खाजगी गोष्टच. आतून तर स्क्रीन दिसते, फोन ऐकू येतात, फायलींवरची नावं वाचता येतात. मूल गुणी असलं तरी त्याच्यावर हे ओझं का टाकायचं? त्याची बसायची जागा बदला. वेटिंग रूममध्येही नको, तिथे तर सगळे चेहरेच दिसतात.

उत्तर २:
मी डॉक्टर आहे. जागतिक वैद्यकीय संघटनेच्या १९४८ च्या जिनिव्हा प्रतिज्ञेत रुग्णाचं गुपित जपण्याचं वचन आहे. रुग्णाच्या मृत्यूनंतरही ते पाळायचं, हे १९६८ मध्ये त्यात आलं. परवानगी देताना तुमच्या डॉक्टरांनी याचा विचार करायला हवा होता. चूक एकट्या तुमची नाही. झालेला प्रकार त्यांना आजच सांगा. आणि घरचं कुणीही आलं, अगदी डॉक्टरांच्या घरचं, तरी नियम एकच ठेवा.

उत्तर ३:
मी पेशंटच्या बाजूने सांगते. एकदा काउंटरपाशी तिथल्या बाईंचे मिस्टर उभे होते. कशासाठी आलात, असं विचारल्यावर मी "सर्दी" म्हणाले. डॉक्टरांसमोरही मग तेच रेटलं. खरं दुखणं सांगायला मला चार महिने लागले.

प्रश्नकर्ती:
तुमचे चार महिने वाचून रडू आलं. डॉक्टरांशी बोलले. आम्ही डबा खातो त्या मागच्या खोलीत त्याला टेबल दिलंय, यायचं मागच्या दारानं. त्याला समजावलं, इथे कोण दिसलं ते कुणालाच सांगायचं नाही, त्या मुलालाही नाही. त्याने विचारलं, "मग त्याच्याशी खेळू ना?" म्हटलं, रोजच्यासारखा खेळ.