मदत हवी आहे: क्यू कार्डवर पोरं ५० सेकंदांत गप्प होतात

नाशिकला कॉलेज रोडवर संध्याकाळची आयईएलटीएसची (परदेशी जाण्यासाठीच्या इंग्रजी परीक्षेची) बॅच आहे. १२ जण, बहुतेक मराठी माध्यमाचे, सगळ्यांना ६.५ बँड (गुण) हवेत. अडतंय फक्त स्पीकिंगच्या दुसऱ्या भागात, जिथे क्यू कार्डवर (विषय लिहिलेल्या कार्डावर) एक ते दोन मिनिटं बोलायचं असतं. तयारीला मिळणाऱ्या एका मिनिटात ते कागदावर अख्खी वाक्यं लिहायला घेतात, दोन होतात, मग तीच वाचून दाखवतात आणि पन्नासाव्या सेकंदाला ‘दॅट्स ऑल, मॅडम’.

करून पाहिलेलं: नोंदीत फक्त शब्द, क्रियापद लिहायला बंदी. याने वाचन थांबलं, पण बोलणं लांबलं नाही. मग जोडीदार बदलत तोच विषय आधी ४, मग ३, मग २ मिनिटांत सांगायला लावला. ओघ खरंच सुधारतो, पण पहिली ४ मिनिटंच कुणाला भरता येत नाहीत आणि ऐकणारा तोवर मोबाईलमध्ये. तयार उत्तरं पाठ करून घेणं नको; परीक्षकाला ते लगेच कळतं. ‘रामकुंडावरची गर्दी’ असा ओळखीचा विषय दिला की गाडी चालते, ‘तुम्ही वापरलेलं उपकरण’ आलं की बंद.

अडचणी: एकच खोली, बाक हलत नाहीत, प्रोजेक्टर नाही. रेकॉर्डिंगला मोबाईल चालतील. या भागाला रोज २५ मिनिटं, परीक्षा महिन्यावर. व्याकरण, उच्चार सध्या बाजूला. ते वेगळं घेतो.

तर ऐकणाऱ्यालाही ठोस काम मिळेल आणि बोलणाऱ्याला एकेक मुद्दा ३०-४० सेकंद ताणता येईल, अशी तुमच्या वर्गात चाललेली अॅक्टिव्हिटी कोणती? पायऱ्या आणि प्रत्येकीला किती वेळ देता, तेही सांगाल का?