व्यवसायाचा आराखडा एआयकडून लिहून घ्यावा का?

प्रश्न

नमस्कार. जुन्या लाकडी फर्निचरची दुरुस्ती आणि पॉलिश करून देणारे छोटे वर्कशॉप सुरू करण्याचा माझा विचार आहे. अकरा वर्षे दुसऱ्याच्या हाताखाली मी हेच काम केले आहे, त्यामुळे कामाची चिंता नाही. मात्र कर्जासाठी व्यवसायाचा लेखी आराखडा द्यावा लागणार आहे आणि लिहिण्याची मला सवय नाही. म्हणून एका एआय चॅटबॉटला चार ओळींत माहिती दिली, तर मिनिटभरात बारा पानांचा मजकूर तयार झाला. भाषा सुबक आहे, तक्ते आहेत, तीन वर्षांचा अंदाजही आहे. तरीही वाचून झाल्यावर हा व्यवसाय माझाच आहे असे काही वाटले नाही. विक्री दरमहा २० टक्क्यांनी वाढेल असे त्यात गृहीत धरले आहे, आणि बाजारपेठेविषयी एका अहवालाच्या नावाने जो आकडा दिला आहे, तो अहवाल पुष्कळ शोधूनही मला सापडला नाही. हाच मजकूर दुरुस्त करून वापरावा, की बाजूला ठेवून पुन्हा सुरुवात करावी?

प्रतिसाद १

न सापडलेला अहवाल सर्वांत आधी काढून टाका. चॅटबॉट एखाद्या दप्तरातून नोंद काढून दाखवत नाही. आधीच्या शब्दांनंतर कोणता शब्द येण्याची शक्यता अधिक आहे, या अंदाजावर ते वाक्य रचत जाते, आणि म्हणून खरा संदर्भ आणि मनाने रचलेला संदर्भ वाचायला अगदी सारखेच वाटतात. न्यूयॉर्कमधील एका खटल्यात वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले, मुळात अस्तित्वातच नसलेले निवाडे न्यायालयापुढे ठेवले आणि २०२३ साली त्यांना ५,००० डॉलर दंड झाला. निवाडे तपासणे हा ज्यांचा रोजचा व्यवसाय, त्यांच्याही नजरेतून हे सुटले, हे लक्षात ठेवावे.

वाढीच्या आकड्याचेही तसेच आहे. दरमहा २० टक्के ऐकायला माफक वाटतात, पण चक्रवाढीने बारा महिन्यांत विक्री जवळजवळ नऊपट होते. तुमच्या हातून नऊपट काम होणार आहे का, हे तुम्हीच सांगू शकता.

प्रतिसाद २

माझा अनुभव पुस्तकबांधणीचा आहे, पण तो तुमच्या कामाशी जुळेल असे वाटते. मीसुद्धा पहिल्यांदा आराखडा लिहून मागितला आणि असाच गुळगुळीत मजकूर हाती आला. दुसऱ्या वेळी मी सूचना उलट दिली: ‘तू काहीही लिहू नकोस. माझा व्यवसाय समजेपर्यंत मला एका वेळी एकच प्रश्न विचार, आणि माझे उत्तर मोघम असेल तर तोच प्रश्न पुन्हा विचार.’ सुरुवातीचे प्रश्न ठरावीक होते. ग्राहक कोण, दर किती, माल कुठून, अशी उत्तरे मी भराभर देत गेलो. मग त्याने विचारले, ‘खळ लावल्यानंतर पुस्तक किती वेळ दाबाखाली ठेवावे लागते, आणि तुमच्या दाबयंत्रात एका वेळी किती पुस्तके बसतात?’ माझा सगळा हिशेब तोवर हातांच्या तासांवर चालला होता. प्रत्यक्षात हात दुपारीच मोकळे होत आणि दाबयंत्र रात्रभर अडलेले असे. व्यवसायाची मर्यादा तिथे होती, आणि इतकी वर्षे रोज तिच्यासमोर उभा राहूनही मी ती कधी मांडली नव्हती.

तुमच्याकडेही सरस लावलेला सांधा शिकंज्यात राहतो, पॉलिशचा एक हात वाळल्याशिवाय दुसरा देता येत नाही. त्या काळात वस्तू जागा अडवते. तेव्हा ती बारा पाने बाजूला ठेवा आणि प्रश्नांपासून सुरुवात करा. तुमच्या तोंडच्या उत्तरांतूनच पुढे मजकूर तयार करून घेता येईल. विस्कळीत बोलणे नीट वाक्यांत बसवण्याचे काम एआय उत्तम करते.

प्रतिसाद ३

वरील सल्ल्यात दोन गोष्टी जोडतो.

आकडेमोड चॅटबॉटवर सोपवू नये, ती स्प्रेडशीटमध्ये करावी, म्हणजे एक गृहीतक बदलले की पुढचे सगळे आकडे आपोआप बदलतात आणि कोणता आकडा कुठून आला हेही दिसते. विशेषतः रोख रकमेचा महिनावार तक्ता स्वतः मांडा. समजा दरमहा १०० ची विक्री आहे, ८० चा खर्च त्याच महिन्यात भागवावा लागतो आणि ग्राहकाचे पैसे दोन महिन्यांनी येतात. कागदावर पहिल्या महिन्यापासून २० चा नफा दिसतो. हातात मात्र दुसऱ्या महिन्याअखेर उणे १६० असतात, आणि तो खड्डा दरमहा २० प्रमाणे भरून निघायला आणखी आठ महिने लागतात. चांगले चालणारे छोटे व्यवसाय पुष्कळदा इथेच अडकतात, आणि मला याची मनापासून काळजी वाटते, कारण आराखड्यात खेळत्या भांडवलाची ही रक्कम धरली नसेल तर मंजूर झालेले कर्जही अपुरे पडते.

दुसरे, आराखडा पूर्ण झाल्यावर एआयला कर्ज देणाऱ्या अधिकाऱ्याच्या भूमिकेतून तो वाचायला सांगा आणि शंका काढायला लावा. तसे स्पष्ट सांगितले नाही, तर ते बहुधा कौतुकच करते. ग्राहकांची नावे, खाते क्रमांक असा तपशील मात्र एआयला देऊ नका.

मूळ प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल प्रश्नांच्या पद्धतीने दोन तास बसलो. बघितलेल्या जागेत एका वेळी सहा मोठ्या वस्तू मावतात आणि सांधे, घासकाम, पॉलिश, वाळणे धरून एका वस्तूला सरासरी दहा दिवस जातात; म्हणजे महिन्याला अठराच्या पुढे मला जाताच येत नाही. स्थिर खर्च भागायलाच चौदा वस्तू लागतात. २० टक्के वाढीला तिथे जागाच नाही. आता काम स्वीकारताना निम्मी रक्कम आगाऊ घ्यायची असे धरून रोख रकमेचा तक्ता पुन्हा मांडतो आहे, आणि भिंतीला उंच फळ्या ठोकून खुर्च्या वर वाळवता येतील का, हे जागेवर जाऊन मोजणार आहे.