लेकीच्या वाढदिवसाला युक्रेनची आणि रशियाची, दोन्ही मैत्रिणींना बोलवू का?

रानवारा:
आम्ही जर्मनीत असतो, लेक चौथीत आहे. वर्गात एक मुलगी खार्किवची, २०२२ ला आईबरोबर आलेली, आणि एक रशियन, ते लोक आधीपासून इथेच आहेत. पहिलीत खार्किवच्या मुलीला जर्मन अजिबात यायचं नाही तेव्हा ही रशियन पोरगीच शेजारी बसून सगळं रशियनमधून सांगायची, खार्किवला बऱ्याच घरांत रशियनच बोलायचे ना. आता तिची आई म्हणते घरात दारात फक्त युक्रेनियन, आणि पोरीने जागाच बदलून घेतली. दोघींनी एक खोडरबर अर्धं अर्धं करून घेतलं होतं, लेक सांगते दोघींच्याही कंपासपेटीत तो तुकडा अजून आहे. हे ऐकल्यापासून मला चैनच नाही. दोघींना बोलवलं तर चुकेल का?

काजवा:
बोलव, पण आधी युक्रेनच्या आईला फोन कर, मुलींना मध्ये घालू नकोस. १८ ते ६० वयाच्या पुरुषांना तेव्हा देश सोडायला बंदी होती, म्हणजे मुलीचे बाबा बहुतेक तिकडेच असतील. दोन्ही घरांचं दुःख सारखं आहे असं चुकूनही बोलू नकोस, एकाच घरावर बॉम्ब पडतायत. आणि नको म्हणाली तर मनाला लावून घेऊ नकोस.

पाटीपेन्सिल:
मी शिक्षिका आहे. अमेरिकेत मेन राज्यात १९९३ ला सीड्स ऑफ पीस नावाचं शिबिर सुरू झालं, इस्रायली पॅलेस्टिनी मुलं तिथे एकत्र राहायची. तिथल्या मुलांचा अभ्यास झालाय, ज्यांची पलीकडच्या एकाशी तरी घट्ट मैत्री जमली त्यांचं पलीकडच्यांबद्दलचं मत जास्त चांगलं झालं. म्हणून ते खोडरबर मला फार मोलाचं वाटतं. उलट बोस्नियात १९९२-९५ च्या युद्धानंतर एकाच इमारतीत क्रोएट आणि बोस्नियाक (म्हणजे तिथले मुस्लिम) मुलांच्या वेगळ्या शाळा केल्या, कुठे दारं वेगळी तर कुठे पाळ्या वेगळ्या. यायत्से गावात अजून एक वेगळी शाळा काढणार होते, तर २०१६ मध्ये मुलंच रस्त्यावर उतरली आणि पुढच्या वर्षी तो बेत सोडून द्यावा लागला. मोठ्यांना जमलं नव्हतं हो ते. फक्त वाढदिवसाला गळाभेट घ्या वगैरे करायला लावू नका, फोटोसाठी तर मुळीच नाही. खेळू देत नुसतं.

रानवारा:
काल खार्किवच्या मुलीच्या आईशी बोलले. बाबा खरंच तिकडेच आहेत. आम्ही बोलत होतो तेवढ्यात तिच्या फोनवर खार्किवचा सायरन वाजला, हवाई हल्ल्याचा इशारा देणारं ते ॲप तिने बंद केलेलंच नाही, आणि दोन मिनिटं आम्ही दोघी गप्पच. मग म्हणाली, त्या पोरीवर राग नाही, रशियन माझीही भाषा होती, पण आता कानावर पडली की पोटात गोळा येतो. दीड तास पाठवते, पण जर्मनच बोलायचं. रशियन मुलीच्या आईला हे सांगितलं तर तिचे डोळे भरले, लगेच हो म्हणाली. युक्रेनची आई मात्र घ्यायला येईल तेव्हा खालीच थांबणार आहे, वर येणार नाही. मी बरं म्हटलं.