शब्दचर्चा: रॅन्समवेअर 'काढलं' म्हणजे नक्की काय झालं?

मागच्या महिन्यात भावोजींच्या कॉम्प्युटरवर रॅन्समवेअर, म्हणजे फाइली अडकवून पैसे मागणारा प्रोग्रॅम, आलं. (आलं, शिरलं, लागलं, काय म्हणायचं त्यावर खाली भांडूच.) फोल्डर उघडलं तर प्रत्येक फोटोच्या नावाला चार अक्षरांचं भलतंच शेपूट, आणि जिथे बघावं तिथे रीडमी नावाची टेक्स्ट फाइल. तीत इंग्रजीत लिहिलेलं, काळजी करू नका, तुमच्या फाइली परत मिळतील, ९८० डॉलर द्या, आणि ७२ तासांच्या आत संपर्क केलात तर निम्म्यात म्हणजे ४९० मध्ये काम होईल. डिस्काउंट!

भावोजींनी ओळखीतल्या एकाला बोलावलं, तो दोन तास बसला, 'व्हायरस काढला' म्हणाला आणि पैसे घेऊन गेला. रात्री ताईने फोटो उघडायला घेतले तर एकही उघडेना. मग झालं सुरू, की फसवलं त्याने, काढला म्हणाला आणि काढलाच नाही.

आता खरं सांगायचं तर त्या माणसाने थाप मारलेली नव्हती. मी स्वतः स्कॅन करून बघितलं, मशीन स्वच्छ होतं. पण आपल्याकडे काढणे म्हणजे काटा काढल्यासारखं, काटा निघाला की दुखणं पण थांबतं असं धरूनच आपण ते ऐकतो. इथे काटा निघतो आणि पाय तसाच राहतो. म्हणून विचारतोय, प्रोग्रॅम काढून टाकणे आणि फाइली परत मिळवणे या दोन कामांना दोन वेगळे शब्द मराठीत आहेत का? लोक दोन्हीला रिकव्हरी म्हणून मोकळे होतात. आणि मुळात रॅन्समला खंडणी म्हणावं की ओलीस वगैरे काही? तुम्ही सगळे खाली लिहा.

खंडणीच ठेवा

ओलीस म्हटलं की कुणीतरी कुणाला तरी धरून ठेवलंय असं चित्र येतं, आणि ते बऱ्यापैकी बरोबरही आहे, पण तो शब्द फाइलींसाठी ठेवा, पैशासाठी खंडणी. इंग्रजी रॅन्सम हा शब्द लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आलाय आणि रिडेम्प्शन त्याचंच भावंड, म्हणजे त्याच्या पोटात सुटकेचा अर्थ आहे. खंडणीच्या पोटात तो नाही. जमीन खंडाने देतात त्यातला खंड आठवा, आकडा ठरला, मुकाट्याने द्या, एवढंच. सुटका होईलच असा शब्द कुणी दिलेला नाही, आणि मला वाटतं इथे आपला शब्द मूळ शब्दापेक्षा जास्त प्रामाणिक आहे. शिवाय आता हे लोक फाइली बंद करण्याआधी स्वतःकडे कॉपी करून घेतात आणि दिले नाहीत तर जगजाहीर करू अशी दुसरी धमकी देतात, खंडणीत दोन्ही बसतं.

प्रकार काही नवा नाही बरं का. १९८९ मध्ये एड्सविषयी माहिती देणारा प्रोग्रॅम म्हणून फ्लॉप्या पोस्टाने वाटल्या गेल्या होत्या, कॉम्प्युटर ९० वेळा चालू झाला की फाइलींची नावं गोंधळायची आणि पनामातल्या एका पोस्ट बॉक्सवर १८९ डॉलर पाठवा म्हणून कागद छापून यायचा. तेव्हा फाइलींच्या आतला मजकूर शाबूत असायचा म्हणून लोक सुटले.

लॉक झाली म्हणू नका प्लीज

वरच्या उत्तरातल्या 'मजकूर शाबूत'वरून. सगळे म्हणतात फाइल लॉक झाली, कुलूप लागलं. कुलूप लागलेल्या कपाटात साडी जशीच्या तशी असते हो. इथे साडीचा धागा न् धागा उसवून वेगळ्याच क्रमाने विणलाय आणि तो क्रम फक्त त्यांच्याकडे आहे. खात्री करायची असेल तर एक चांगली पीडीएफ नोटपॅडमध्ये उघडा, अगदी सुरुवातीला टक्क्याचं चिन्ह आणि पीडीएफ ही अक्षरं दिसतील, पुढे आवृत्तीचा नंबर. मग बिघडलेली फाइल उघडा, नुसता कचरा. म्हणून नाव बदलून, शेपूट पुसून काही होत नाही, कित्येक जण रात्रभर बसून शेपटं पुसत बसतात.

एन्क्रिप्टला कूटबद्ध हा शब्द आहे, चांगला आहे, पण घाबरलेल्या माणसाला फोनवर सांगून बघा कूटबद्ध. मी 'गुंफून टाकलंय' म्हणतो.

सोडवणे!

अहो शब्द तर समोरच पडलाय. ओलीस माणूस सोडवतात, गहाण सोडवतात, गाठ सोडवतात आणि गणितही सोडवतात. डिक्रिप्ट करणं म्हणजे यातलं सगळं एकदम आहे की. तेव्हा प्रोग्रॅम काढायचा, फाइली सोडवायच्या. (गहाण मात्र इथे नको, गहाण आपण आपल्या पायाने जाऊन ठेवतो.)

आणि क्रमही महत्त्वाचा, आधी काढणे मग सोडवणे, नाहीतर सोडवलेल्या परत गुंफल्या जातात. पण काढायच्या घाईत फॉरमॅट मारू नका. ती रीडमीची चिठ्ठी आणि एकदोन बिघडलेल्या फाइली ठेवा, त्यावरून रॅन्समवेअरची जात ओळखता येते. नो मोअर रॅन्सम म्हणून साइट आहे, २०१६ मध्ये डच पोलीस, युरोपोल (युरोपातली पोलीस संस्था) आणि दोन अँटिव्हायरस कंपन्यांनी मिळून सुरू केली, तिथे नमुना टाकला की कुठल्या जातीचं आहे आणि सोडवायचं टूल निघालंय का ते फुकटात कळतं. आज नसलं तरी पुढे निघू शकतं, टेस्लाक्रिप्ट नावाच्या जातीवाल्यांनी २०१६ मध्ये स्वतःच मास्टर की, म्हणजे सगळ्यांच्या फाइली सोडवणारी किल्ली, देऊन टाकली होती.

टूल वाट्टेल तिथून मात्र उतरवू नका. २०२० मध्ये सोडवायचं टूल म्हणून एक फिरत होतं, ते चालवलं की आधीच गुंफलेल्या फाइली दुसऱ्यांदा गुंफायचं. हसावं की रडावं.

लागण झाली की ओढवून घेतलं?

इन्फेक्शनला सर्रास लागण म्हणतात, माझा आक्षेप आहे. वॉनाक्राय नावाच्या रॅन्समवेअरला लागण म्हणा, मान्य. १२ मे २०१७ ला सुटलं आणि विंडोजच्या एका भोकातून एका मशीनमधून दुसऱ्यात आपोआप गेलं, कुणी काही क्लिक करायची गरज नव्हती, दीडशेच्या आसपास देशांत पोचलं. (आणि ते भोक बुजवणारा पॅच १४ मार्चलाच आला होता, दोन महिने आधी! अपडेट नंतर करू, नंतर करू.) पण वर लिहिलंय ते ९८०-४९०वालं प्रकरण म्हणजे बहुतेक स्टॉप-डीजेव्हीयू ही जात, ते आपोआप उडत येत नाही, ते जास्त करून क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरमधून येतं. राग मानू नका, पण भावोजींना विचारा, त्याच सुमारास काय फुकटात उतरवलं होतं. त्याला मराठीत शब्द ओढवून घेणे.

तसंच 'मेलमधून आला' हे पण. मेलमधून पीडीएफसारखं दिसणारं काहीतरी आलं, खरं नाव डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई, म्हणजे आत प्रोग्रॅम, विंडोज मुळात शेवटचं शेपूट लपवून ठेवतं म्हणून आपल्याला पीडीएफ दिसली आणि आपण उघडली. फाइल एक्सप्लोररमध्ये एक्स्टेन्शन दाखवा हा पर्याय आजच चालू करा, मी तर दुसऱ्याच्या मशीनवर बसलो तरी आधी तेच करतो, लोक वैतागतात.

बंद करू का?

शब्दावरून गोंधळ म्हणाल तर हा सगळ्यात महागाचा. 'लगेच बंद करा' म्हणजे काय बंद? नेट की कॉम्प्युटर? नेट आधी तोडा आणि पेनड्राइव्ह, बाहेरची हार्डडिस्क उपसून काढा, यात वाद नाही. मशीनबद्दल मात्र वाद आहे. डोळ्यांदेखत फाइलींची नावं बदलत असतील तर मी सरळ पॉवर दाबून बंद करीन, उरलेल्या तरी वाचतील.

↳ थोडं थांबा

काही जातींत फाइली सोडवायची किल्ली मेमरीत शिल्लक राहते, बंद केलं की गेली. वॉनाक्रायच्या वेळी एक्सपीसारख्या जुन्या विंडोजवर तशी सोडवून दाखवली होती, अट एकच, मशीन रीस्टार्ट झालेलं नको.

↳↳

बरोबर, पण ते नशीब. घरच्या माणसाने गुंफणं चालू असेल तर पॉवर तोडावी, होऊन गेलं असेल तर नेट काढून तसंच ठेवावं आणि जाणकाराला विचारावं. आणि पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला, स्टॉपसोबत पासवर्ड चोरणारं पिल्लूही आलेलं असू शकतं.

बॅकअप 'लावलाय' की 'घेतलाय'

क्रियापदावरूनच माणूस वाचणार की बुडणार ते कळतं. माझा शेजारी म्हणाला बॅकअप लावलाय, आणि खरंच लावलेला होता, हार्डडिस्क वर्षभर यूएसबीला लटकलेली! रॅन्समवेअरला ती ई ड्राइव्ह दिसली, गेली तीपण. विंडोजच्या आतल्या शॅडो कॉपी, म्हणजे ते स्वतःच ठेवतं त्या जुन्या प्रती, तर हे लोक आधीच पुसून टाकतात. बॅकअप घ्यायचा, डिस्क काढायची, कपाटात ठेवायची.

सिंकलाही, म्हणजे फोल्डर क्लाउडशी सतत जुळवत ठेवण्यालाही, लोक बॅकअप म्हणतात. सिंक म्हणजे आरसा, इकडे तोंड काळं केलं की तिकडेही काळं. काही क्लाउड सेवा जुन्या आवृत्त्या ३० दिवस वगैरे ठेवतात, तेवढ्यात लक्षात आलं तर आरशातूनही मागे जाता येतं. विंडोज १० पासून पुढे सिक्युरिटीमध्ये कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस नावाचा पर्याय आहे, चालू केला की अनोळखी प्रोग्रॅमला ठरवलेल्या फोल्डरांत लिहू देत नाही. कधीकधी आपल्या चांगल्या प्रोग्रॅमलाही अडवतो, त्याचं नाव यादीत घालावं लागतं, पण चालूच राहू द्या.

धागाकर्ता परत

सगळ्यांचे आभार. विचारलं भावोजींना. आधी नाही म्हणाले, मग म्हणाले फोटो एडिट करायचं एक सॉफ्टवेअर होतं, ताई त्यांच्याकडे बघत बसली. ओढवून घेणे पास.

जात स्टॉपच निघाली. चिठ्ठीतल्या आयडीच्या शेवटी टी१ असतं तर ऑफलाइन किल्ली, अनेकांना एकच लागू पडणारी, म्हणजे आज ना उद्या सोडवता येण्याची शक्यता. आमच्या शेवटी टी१ नाही, म्हणजे किल्ली फक्त आमच्यासाठी बनवलेली आणि ती त्यांच्याकडे. पण एक कळलं, हे घाईत प्रत्येक फाइलचा सुरुवातीचा साधारण १५० केबी तुकडाच गुंफतं, त्यामुळे दुरुस्तीच्या टूलने मोठ्या व्हिडिओंपैकी काही परत उघडले, डोकं उडालेले पण चालणारे. फोटोंच्या बाबतीत तसं काही जमलं नाही.

विंडोज नवीन टाकलं, जुनी डिस्क बाहेर काढून ताईने प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळली. तिला विचारलं वर काय लिहू, बिघडलेली की व्हायरसवाली, तर तिने पेन घेऊन स्वतःच लिहिलं: फोटो, सोडवायचे आहेत.