रोलर फर्लिंगची जिब अर्ध्यावर अडकते, वर हॅलियार्डच गुंडाळला जात असेल का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

शिडाच्या छोट्या नावा चालवणारे किंवा त्यांची देखभाल करणारे जे कोणी येथे आहेत, मग ते मुंबई बंदरात असोत, गोव्यात असोत की परदेशात, त्यांच्याकडून मला एका नेमक्या अडचणीबाबत सल्ला हवा आहे. प्रश्न सुरक्षिततेचा असल्यामुळे सविस्तर लिहीत आहे.

माझी नाव बावीस फुटी आहे. एक डोलकाठी, मागे मेनसेल हे मुख्य शीड, पुढे जिब हे त्रिकोणी शीड आणि मागच्या बाजूला लहान आउटबोर्ड इंजिन अशी तिची साधी रचना असून ती सॅन फ्रान्सिस्को उपसागरातील बर्कली मरीनामध्ये उभी असते. जिब रोलर फर्लिंगची आहे. ज्यांनी ही यंत्रणा पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. डोलकाठीच्या वरच्या भागापासून नावेच्या पुढच्या टोकापर्यंत जी तार ताणलेली असते, त्या फोरस्टेवर ॲल्युमिनियमची लांब खाचदार पट्टी, म्हणजे फॉइल, चढवलेली असते आणि जिबची पुढची कड त्या खाचेत सरकवलेली असते. खाली दोर गुंडाळणारा ड्रम असतो, वर शिडाचे डोके हॅलियार्डला, म्हणजे शीड वर चढवणाऱ्या दोराला, जोडणारे स्विव्हल, म्हणजे फिरता सांधा, असते. कॉकपिटमध्ये बसून दोर ओढला की ड्रम, फॉइल आणि स्विव्हलचा खालचा भाग एकत्र फिरतात आणि शीड स्वतःभोवती गुंडाळले जाते. स्विव्हलचा वरचा भाग मात्र हॅलियार्डसह स्थिर राहिला पाहिजे, आणि माझ्या शंकेचे मूळ तेथेच आहे.

या सोयीचे मोल मी कमी लेखत नाही. जुन्या पद्धतीची जिब फोरस्टेला पितळी आकड्यांनी अडकवलेली असते आणि वारा वाढला की ती उतरवायला कोणीतरी नावेच्या नाकावर जावेच लागते. आमच्या उपसागरात उन्हाळ्यात कॅलिफोर्नियाचा अंतर्भाग तापतो, तेथील हवा वर जाते आणि गोल्डन गेटच्या अरुंद तोंडातून समुद्रावरची थंड हवा आत ओढली जाते. सकाळी जेमतेम पाने हलवणारा वारा दुपारी तीन-चारच्या सुमारास वीस-पंचवीस नॉट होणे ही येथे रोजची गोष्ट आहे. त्यात ओहोटीचे पाणी वाऱ्याच्या विरुद्ध बाहेर निघू लागले की आखूड आणि उभ्या लाटा उठतात व लहान नावेचे नाक त्यांत सारखे बुडत राहते. अशा वेळी आईवडील किंवा मुले सोबत असताना सुकाणूवरचा हात न काढता जिब निम्मी करता येणे, आणि मरीनाच्या तोंडाशी आल्यावर दोराच्या काही ओढींत ती पूर्ण नाहीशी करता येणे, हे सुख ज्याने अनुभवले आहे त्याला पुन्हा आकड्यांकडे वळावेसे वाटणार नाही. निम्मी गुंडाळलेली जिब फुगीर होते आणि वाऱ्यावर नीट चढत नाही, हे खरे. त्या त्रुटीसह मी आनंदाने जगू शकतो.

आता अडचण. गेल्या काही महिन्यांपासून जिब गुंडाळताना ड्रमचे पहिले काही फेरे सहज होतात आणि मग दोर एकाएकी घट्ट होतो. आणखी ओढले तर ड्रम किंचित पुढे सरकतो, पण हात सैल करताच स्प्रिंगसारखा मागे येतो. खालून पाहिले तर शिडाचा खालचा भाग गुंडाळलेला दिसतो, वरचा भाग मात्र पिळ पडल्यासारखा वाकडा राहतो. जिब पुन्हा पूर्ण उघडून, नाव वाऱ्याच्या दिशेने पळवून, मेनसेलच्या आडोशात दुसऱ्यांदा प्रयत्न केला की बहुतेक वेळा ती गुंडाळली जाते, पण नेहमी नाही.

ड्रमवर दोराचे फेरे एकमेकांत रुतले असतील अशी पहिली शंका आली होती. जिब उघडताना दोर मोकळा सोडून दिला तर तो ड्रमवर सैल बसतो आणि वरचा फेरा खालच्या फेऱ्यात घुसतो, म्हणून उघडताना मी तो हलक्या हाताने रोखून धरतो. ड्रम उघडून पाहिला असता फेरे स्वच्छ होते. ड्रमकडे जाणारा शेवटचा ब्लॉक (कप्पी) फोरस्टेशी काटकोनात आहे आणि दोर ड्रमच्या मधोमध शिरतो. खालचे बेअरिंग गोड्या पाण्याने धुतल्यावर हाताने अगदी हलके फिरते. म्हणजे दोष वर असावा असे मला वाटते.

यात एक गोष्ट महत्त्वाची ठरू शकते. नावेसोबत आलेली जेनोआ, म्हणजे मोठ्या आकाराची जिब, जीर्ण झाल्यामुळे आता तिच्या जागी लहान जिब आहे आणि तिची पुढची कड जेनोआच्या कडेपेक्षा बरीच आखूड आहे. त्यामुळे पूर्ण चढवल्यावरही स्विव्हल फॉइलच्या टोकापासून दोन-अडीच फूट खालीच थांबते आणि त्याच्या वर हॅलियार्ड फॉइलला जवळजवळ समांतर जातो. तो फॉइलभोवती वेढला जात असेल का? तसे असल्यास डोलकाठीवर न चढता ते ओळखावे कसे? एवढ्या लहान नावेच्या डोलकाठीवर माणूस चढवणे मला धोक्याचे वाटते. आणि भर वाऱ्यात जिब पूर्ण अडकलीच तर काय करावे? बर्कलीला परतताना वारा पाठीशी असतो, समोर किनारा असतो, आणि समुद्रात लांबवर गेलेल्या जुन्या धक्क्याचे पडके खांबही तेथेच आहेत. अशा जागी न आवरणारे शीड घेऊन येण्याची माझी तयारी नाही, म्हणून उत्तर मिळेपर्यंत मी फक्त मेनसेलवर, सकाळच्या वाऱ्यात बाहेर पडत आहे.

प्रतिसाद

धागाकर्त्यांस नमस्कार. मुंबई बंदरात मी बरीच वर्षे शिडाच्या नावांची दोरकामे पाहत आलो आहे. तुम्ही दिलेल्या वर्णनावरून हॅलियार्डचा वेढाच दिसतो. बेअरिंग खराब असेल तर यंत्रणा पहिल्या फेऱ्यापासून जड आणि खरखरीत लागते. ड्रमवर दोर रुतला असेल तर ती एका जागी ठाम थांबते. काही फेरे मोकळे, नंतर घट्ट, आणि सोडल्यावर माघारी येणे, हे लक्षण वर दोर पिळला जात असल्याचे आहे.

एक विनंती आधी करतो: दोर घट्ट झाला की तो विंचवर (दोर जोराने ओढण्याच्या फिरत्या यंत्रावर) घेऊन कधीही ओढू नका. वेढलेला हॅलियार्ड फॉइलला धरून ठेवतो आणि विंचची सगळी ताकद फोरस्टेच्या वरच्या टोकाला पिळण्यात जाते. लहान नावांवर ही तार साधारणतः १९ पोलादी तारांचा पीळ असते. तिच्या एकेक तारा वरच्या जोडापाशी तुटू लागतात, फॉइलच्या आत असल्यामुळे त्या खालून दिसत नाहीत, आणि एके दिवशी डोलकाठी मागे कोसळते. तुमच्याकडे हा प्रकार काही महिने चालू आहे, म्हणून डोलकाठी उतरवून तो जोड भिंगाने तपासल्याशिवाय वाऱ्यात जिब उघडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बावीस फुटी नावेची डोलकाठी दोन-तीन माणसांना धक्क्यावर उतरवता येते.

डोलकाठी उतरवण्यापूर्वी शांत सकाळी मरीनामध्येच जिब उघडा आणि बाजूच्या धक्क्यावरून दुर्बिणीने वर पाहा. स्विव्हलपासून डोलकाठीकडे जाणारा हॅलियार्ड आणि फोरस्टे यांच्यात ८ ते १० अंशांचा कोन हवा. तेवढा कोन असेल तर हॅलियार्डला मागे ओढ मिळते आणि तो फिरत नाही. नंतर दुसऱ्या माणसाला जिब सावकाश गुंडाळायला सांगा आणि तुम्ही फक्त स्विव्हलच्या वरच्या भागावर नजर ठेवा. तो खालच्या भागासोबत फिरू लागला, तर शंकेला जागा राहत नाही. त्याच वेळी फोरस्टेलगत दुसरा एखादा मोकळा हॅलियार्ड लोंबत नाही ना, हेही पाहा. तो शिडाच्या गुंडाळीत सापडला तरी हीच लक्षणे दिसतात, आणि त्यावर उपाय तो डोलकाठीपाशी ओढून बांधण्याइतका सोपा आहे.

जिब आखूड असल्याचा उपाय म्हणजे पेनंट. शिडाचे डोके आणि स्विव्हल यांच्यामध्ये न ताणणाऱ्या दोराचा किंवा तारेचा ठरावीक लांबीचा तुकडा घालायचा, म्हणजे शीड आहे तेथेच राहते आणि स्विव्हल फॉइलच्या टोकाजवळ पोहोचते. मात्र ते टोकावरून निसटणार नाही इतके अंतर ठेवा. तेवढे करूनही कोन कमीच राहिला, तर डोलकाठीच्या पुढच्या बाजूला हॅलियार्ड मागे दाबून धरणारी लहान चकती किंवा कडी बसवावी लागते. हॅलियार्डचा ताणही पाहा. तो फार सैल असला तर स्विव्हलसोबत फिरतो, आणि नको इतका ताणला तर स्विव्हलची बेअरिंगे दबून जड होतात. पुढच्या कडेवरच्या आडव्या सुरकुत्या जाईपर्यंत ताणावा, त्यापुढे नाही.

भर वाऱ्यात अडकली तर आधी गुंडाळी उलट दिशेने पूर्ण उघडा, म्हणजे वेढा बहुधा सुटतो. नंतर वारा पाठीशी घेऊन, जिब मेनसेलच्या आडोशात आणून, शीट (शिडाचा मागचा कोपरा आवरणारा दोर) जरा तणावात ठेवून पुन्हा गुंडाळा. तरीही जमले नाही तर वाऱ्याकडे तोंड करून जिब खाली उतरवा. वेढलेला हॅलियार्ड तेही करू देत नसेल तर मोकळ्या पाण्यात इंजिनवर नाव गोल फिरवा आणि फडफडणारे शीड फोरस्टेभोवती वेढू द्या. हे दिसायला बरे नसते, पण शिडाची ताकद जाते. नंतर शीटचे टोक किंवा दुसरा हॅलियार्ड त्याभोवती गुंडाळून बांधून टाका. हे सगळे धक्क्याच्या त्या खांबांपासून बऱ्याच अंतरावर, पश्चिमेला जागा असतानाच उरकायचे.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

आपले मनापासून आभार. आज सकाळी वारा पडलेला असताना शेजारच्या नावेवरील मित्राला सोबत घेऊन आपण सांगितल्याप्रमाणे पाहिले. स्विव्हलचा वरचा भाग तिसऱ्या फेऱ्यापासून खालच्या भागासोबत फिरू लागतो आणि हॅलियार्ड फॉइलवर आडवा चढतो, हे दुर्बिणीतून स्पष्ट दिसले. कोन मोजता आला नाही, पण तो आठ अंशांच्या जवळपासही नाही हे नुसत्या डोळ्यांनी कळते. मोकळा हॅलियार्ड मात्र डोलकाठीलाच बांधलेला होता. जिब उतरवून पिशवीत ठेवली आहे आणि येत्या शनिवारी डोलकाठी खाली घेऊन फोरस्टेचा वरचा जोड तपासणार आहोत. एखादी जरी तार तुटलेली आढळली तर पूर्ण फोरस्टे बदलणार आहे.

पेनंटबाबत एकच विचारायचे राहिले. माझा कल डायनीमा या मजबूत कृत्रिम धाग्याच्या दोराकडे आहे, कारण तो हलका आहे, ताणत नाही आणि लांबी चुकली तर घरीच नव्याने गाठवता येतो. पण तो वर्षभर उन्हात राहणार, आणि फॉइलच्या कडेला घासणारही. अशा जागी पोलादी तारेचाच पेनंट वापरावा, की डायनीमावर विणलेले आवरण चढवले तर तो काही हंगाम टिकतो? ज्यांनी प्रत्यक्ष वापरला आहे त्यांनी कृपया जाडी आणि टिकण्याचा काळ दोन्ही सांगावे.